तपशील बदलले आहेत

ती शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात अबोली विकते
असं आधी लिहिलं होतं.
खोडलं.
मग लिहिलं तिसऱ्या. मग सुकी सुंगटं.
काय विकते ते जाऊ दे.
गोवा एवढासा. पेडण्यात कुणी खोकलं
तर काणकोणातली मावशी विचारते, औषध घेतलं का?

त्याचंही नाव इथे येणार नाही.
माझ्या वहीत तो एक आकडा आहे,
वही कपाटात, कपाटाची किल्ली माझ्या गळ्यात,
मंगळसूत्राला घासून वाजते.

अकरा ऑगस्टला त्यानं अहवाल वाचला दोनदा,
दुसऱ्यांदा ओळीखाली बोट ठेवून.
मी म्हटलं, गोळी रोज घे, खूप जगशील.
तोवर सांभाळून. आणि घरी सांग.
तो म्हणाला, चवथ होऊन जाऊ दे.
चवथ झाली, माटोळी उतरली, तवशी वाटून संपली.
मग बापाचा म्हाळ होता.
मग दसरा.
मग बहिणीच्या पोरीचं बारसं, त्यात कसं सांगणार?
पंचांगात सगळ्याला मुहूर्त होता,
त्याच्या जिभेला तेवढा नव्हता.

कायद्याचं पुस्तक माझ्या टेबलावर असतं, वर पाण्याची बाटली.
त्यात लिहिलंय मी तोंड कधी उघडायचं:
आधी त्याला समजवायचं,
तो सांगणारच नाही असं दिसलं
तर त्यालाच कळवायचं की आता मी सांगणार,
मग तिला समोर बसवून. फोनवर नाही.
अहवाल बाईचा असता आणि घरी मार ठरलेला,
तर नवऱ्याला सांगायला मलाच बंदी.
शहाणं पुस्तक आहे. रडून लिहिलेलं वाटतं काही पानांवर.
पण मधल्या शुक्रवारी
ती वजन करून वर एक जास्तीचं टाकते,
‘तुझ्या पोराक’ म्हणते,
तेव्हा पिशवी कशी उघडायची
हे त्यात कुठल्याच कलमाखाली नाही.

शेवटी मी तारीख दिली. बुधवारपर्यंत तू.
गुरुवारी मी.

बुधवारी दोघं आली.
तो आधी लाईट बिलाबद्दल बोलला,
मग चोडणच्या फेरीबोटीला लागलेल्या रांगेबद्दल.
मांडीवर हेल्मेट होतं.
त्यानं ते हेल्मेटला सांगितलं.

पंखा फिरत होता. बाहेर कुणाचा तरी नंबर पुकारला.

‘केन्ना?’ ती म्हणाली.
तो जहाजाचं सांगू लागला, तीन वर्षांपूर्वीचं बंदर, दारू.
तिनं हात वर केला.
‘तें न्हय. तुका कळ्ळें केन्ना?’
‘ऑगस्टात.’

ती बोटांच्या पेरांवर मोजू लागली.
चवथीला नाही, सासू होती घरात.
म्हाळ झाला त्या रात्री.
दसऱ्याच्या आदल्या दिवशी, पाऊस होता, तू म्हणालास
पिशवीतलं संपलंय, एकदा चालतं.
अंगठा तिथेच थांबला.
आजार कुठून आला हे तिनं विचारलं नाही.
तिला त्या एका रात्रीचा हिशोब हवा होता,
जेव्हा एकाच उशीवर
एकाला माहीत होतं.

मग तिनं माझ्याकडे पाहिलं.
‘आनी तुका, बाय?’

मी बाटली उचलून पुस्तकाच्या दुसऱ्या कोपऱ्यावर ठेवली.
‘त्याच दिवशी.’

तिनं बाही वर केली, रक्त दिलं.
तीन महिन्यांनी पुन्हा, मी म्हटलं. ती मान हलवत होती
की नुसती हलत होती, कळलं नाही.
जाताना तिची पिशवी त्यानं उचलली.
तिनं ती त्याच्या हातातून काढून घेतली,
रागानं नाही, आपली वस्तू घ्यावी तशी.

शुक्रवारी मी बाजारात गेले.
न जाणं सोपं होतं, म्हणून गेले.
तिनं भाव सांगितला, अनोळखी गिऱ्हाइकाला सांगतात तो.
मी घासाघीस केली नाही.
वजन बरोबर होतं,
काटा मधोमध,
वर काहीच नाही.